अठ्ठावीस टक्क्यांची बॅटरी

गणपती जाऊन चार दिवस झाले होते आणि पितृपंधरवडा सुरू होता. २०२५ च्या सप्टेंबरमधील त्या सकाळी रायपूरच्या बूढापाऱ्यात एका निवृत्त मास्तरांच्या फाटकाशी एक ई-रिक्षा ढकलत आणली गेली. ढकलणारा चाळिशीचा माणूस मास्तरांचाच जुना विद्यार्थी. त्याचे आजोबा गोंदियाकडून रेल्वेच्या कामावर आले आणि इथलेच झाले. घरात मात्र झाडीपट्टीची मराठी अजून टिकून आहे.

बूढापाऱ्याला मराठी तशी परकी नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला तो अठराव्या शतकात, आणि त्यांच्यामागून आलेली घरे रायपूरच्या जुन्या वस्त्यांत आजही सापडतात. 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० मध्ये सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते आणि त्यांच्या नावाची शाळा बूढा तलावाजवळच आहे. बाल नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ ते १८७९ या काळात वडिलांबरोबर याच वस्तीत राहिले होते. तलावाच्या बेटावरील त्यांचा भव्य पुतळा लांबूनही दिसतो. अशा या वस्तीत मास्तरांनी ३१ वर्षे मुलांना पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवले.

"सर, बॅटरी बसली," विद्यार्थी म्हणाला. "काल स्टेशनावरून येता येता मधातच थांबली. सवारी उतरून गेली, पैसेबी नाही दिले."

मास्तरांनी आसन उचलले. खाली चार बॅटऱ्या, प्रत्येकी १२ व्होल्टच्या, एकापुढे एक जोडलेल्या. प्रत्येकीत दोन-दोन व्होल्टचे सहा घट, म्हणजे एकूण २४. एकसर जोडणीतली गोम अशी की चोवीस जणांच्या रांगेत एकाने अंग टाकले की सगळी रांग अडते. मीटर लावल्यावर तिसऱ्या बॅटरीने अंग टाकल्याचे कळले. उरलेल्या तिघींचेही वय झालेच होते. संच १३ महिन्यांचा होता. शिसे-आम्ल बॅटरी अर्धवट भरून रोज पिळून काढली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. मास्तरांनी हे फळ्यावर कितीदा तरी लिहिले होते. समोर उभ्या विद्यार्थ्याने ते कधी वहीत उतरवलेही असेल.

पण तो बॅटरीचा आजार विचारायला आलाच नव्हता. त्याचा प्रश्न वेगळा होता. बॅटरीवरचा कर खाली येणार, असे दुकानदाराने सांगितले होते. घ्यावी की थांबावे?

बातमी खरी होती. वस्तू आणि सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबरला दरांची फेरमांडणी मंजूर केली होती आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, लागू होणार होते. शिसे-आम्ल बॅटरीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार होता. मास्तरांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. संचाची मूळ किंमत २८,००० रुपये धरली तर आजचा कर ७,८४० रुपये आणि २२ तारखेनंतरचा ५,०४०. फरक २,८०० रुपयांचा. दुसऱ्या बाजूला बारा दिवसांची थांबलेली कमाई आणि महिन्याच्या पंधराव्या तारखेला येणारा गाडीच्या कर्जाचा हप्ता.

कागदावरची ही दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी सोपी होती. मास्तर अडले ते वेगळ्याच ठिकाणी. ज्या ई-रिक्षात ही बॅटरी बसणार, ती रिक्षा नवी विकत घेतली तर तिच्यावर कर ५ टक्के. विजेच्या वाहनांवरचा हा दर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ वर आणलेला. लिथियमची बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के, आणि तेही २०१८ पासून. आणि शिशाची सुटी घेतली तर २८. एकच ऊर्जासाठा, नव्या गाडीच्या पोटात असताना त्याला जवळजवळ माफी, आणि वर्षभराने तोच बदलायची वेळ आली की सहापट ओझे. नवी गाडी घेणाऱ्याला सरकारने हात दिला होता. जी गाडी रोज चालते, तिला तो हात पोचला नव्हता.

याहून चमत्कारिक भाग पुढे आहे. शिशाची बॅटरी ही या देशातली बऱ्यापैकी स्वयंपूर्ण वस्तू. जुनी बॅटरी तोलून परत घेतली जाते, शिसे वितळवले जाते, त्याच्याच नव्या पट्ट्या होतात. या फेऱ्याला एक काळी बाजू आहेच. गल्लीबोळांतल्या उघड्या भट्ट्यांतून शिशाचा धूर मुलांच्या रक्तापर्यंत पोचतो आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनंतरही त्या भट्ट्या संपलेल्या नाहीत. तरीही कच्च्या मालाचा बराच भाग याच फेऱ्यातून मिळतो. उलट लिथियमच्या बॅटरीचे कवच, तारा, जोडणी भारतातली असली तरी आतला घट, जो किमतीचा मोठा वाटा खातो, तो बहुधा चीनमधून येतो. म्हणजे सात वर्षे देशी फेऱ्यातल्या बॅटरीवर २८ टक्के आणि आयात घटांच्या बॅटरीवर १८ टक्के. धोरण आखणाऱ्यांच्या मनात स्वच्छ तंत्रज्ञानाला उत्तेजन द्यावे असे असेल आणि ते अयोग्यही नाही. पण त्याची किंमत ज्याच्याजवळ लिथियम घेण्याइतके भांडवल नाही त्याच्या खिशातून गेली.

"मग लिथियमच का नाही टाकत?" मास्तरांनी विचारले.

"सत्तर हजार सांगून राहिले, सर. तीन साल चालते म्हणते. पण सत्तर हजार एकदम कुठून आणू?"

तीन वर्षांत शिशाचे तीन संच लागणार, म्हणजे लिथियमच स्वस्त. हे त्यालाही ठाऊक होते. वजनही निम्म्याहून कमी. शिशाच्या शंभर किलोंहून जड ओझ्याऐवजी पन्नासेक किलो. भारणात वाया जाणारी वीजही थोडी. शिसे-आम्ल बॅटरी दर किलोला ३० ते ४० वॅट-तास साठवते, लिथियम-लोह-फॉस्फेटचा घट त्याच्या तिप्पट-चौपट. विज्ञानाचा कौल स्पष्ट आहे. पण गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते, कारण ती एकरकमी असते.

त्या संयुगाची कथा मास्तरांना फार प्रिय आहे आणि ती सांगण्याची संधी ते सोडत नाहीत. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत चालते हे दाखवणारा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. काम अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला झालेले. निबंधावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर जी नावे आहेत, ती अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी अशी आहेत. कोबाल्ट नको, निकेल नको. लोखंड आणि फॉस्फेट. लोखंड तर छत्तीसगडाच्या भूमीत बैलाडिल्यापासून दल्ली राजहऱ्यापर्यंत पसरलेले. आरंभी या पदार्थातून वीज नीट वाहत नसे. कणांवर कार्बनचा पातळ लेप देऊन आणि कण अतिसूक्ष्म करून ती अडचण पुढे दूर झाली. पाश्चात्त्य कंपन्या एकस्वांवरून न्यायालयात भांडत होत्या त्या काळात चिनी कारखान्यांनी, देशांतर्गत विक्रीपुरती मोकळीक पदरात पाडून, हा पदार्थ टनांनी बनवायला घेतला. एकस्वांची मुदत २०२२ च्या सुमारास संपली तेव्हा स्पर्धेला कुणी उरलेच नव्हते. ब्लूमबर्गच्या पाहणीनुसार बॅटरी संचाची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये दर किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. ही घसरण शुल्काने झाली नाही आणि शुल्काने ती परत फिरवताही येत नाही.

इथे सीमाशुल्काबद्दलची एक भाबडी समजूत बाजूला ठेवावी लागते. शुल्क म्हणजे सीमेवरची भिंत, असे चित्र वर्तमानपत्रांतून मनात बसते. ते तयार मोटारीपुरते ठीक आहे. अमेरिकेने चिनी विद्युत मोटारींवर सप्टेंबर २०२४ पासून १०० टक्के शुल्क बसवले. युरोपीय संघाने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस नेहमीच्या १० टक्क्यांवर आणखी भार टाकला. बीवायडीवर १७, जीलीवर १८.८, एसएआयसीवर ३५.३ टक्के. भारताची भिंत तर जुनीच: आयात मोटारींवर ७० ते सुमारे ११० टक्के. जो निर्माता इथे किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवील त्याला वर्षाला ८,००० पर्यंत महागड्या विद्युत मोटारी १५ टक्के शुल्कात आणू देण्याची सवलत मार्च २०२४ मध्ये जाहीर झाली. टेस्लाने ती न घेता जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडले, आणि पूर्ण शुल्क भरून आलेल्या मॉडेल वायची किंमत साठ लाखांच्या घरात गेली. त्याच महिन्यात ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारातही विद्युत मोटारींना पहिली पाच वर्षे सवलतीबाहेर ठेवले गेले. बूढापाऱ्यातून यातले काहीच जात नाही.

बूढापाऱ्यातून जाते ते थरांचे शुल्क. खनिज, त्यापासूनचे शुद्ध रसायन, धनाग्र-ऋणाग्राची भुकटी, घट, संच, मोटर, नियंत्रक आणि शेवटी गाडी. प्रत्येक थराला वेगळा दर. तयार वस्तूवर अधिक आणि कच्च्या मालावर कमी, हा त्यामागचा जुना नियम. त्यानुसार जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात लिथियम, कोबाल्टसह २५ महत्त्वाच्या खनिजांवरचे मूळ सीमाशुल्क माफ झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची भुकटी, लिथियम-आयन बॅटरीचे भंगार आणि आणखी १२ खनिजांचा कचरा, शिवाय वाहनांच्या बॅटरी बनवण्याच्या ३५ यंत्रसामग्रींची भर पडली. कागदावर मांडणी अचूक आहे. उणीव इतकीच की खनिज माफीने आणले तरी त्याचे बॅटरीच्या प्रतीचे रसायन करणारे मोठे कारखाने देशात नाहीत. बंदराचे दार उघडे, आणि आत यायला पाहुणा नाही.

हे का घडले, याचे उत्तर मास्तरांच्या कपाटात आहे असे ते मानतात. 'करंट सायन्स' या बंगळुरूच्या नियतकालिकाचा सप्टेंबर २००२ मधील एक लेख त्यांनी जपून ठेवला आहे. लेखक डॉ. अनिल राजवंशी, संस्था सातारा जिल्ह्यातील फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था. राजवंशी मूळचे लखनौचे. फ्लोरिडात शिक्षण-संशोधन करून १९८१ मध्ये अमेरिका सोडून ते फलटणला आले आणि तिथेच राहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चमूने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलरिक्षा सुधारायला घेतली: गिअर, बरा ब्रेक, हलकी चौकट. पुढे तिला मदतनीस मोटर लावली. आणि मग पूर्ण विजेवर चालणारी तीनचाकी बनवली. नाव ठेवले 'इलेक्शा'. चौकातल्या माणसाची पाठ मोडू नये आणि शहराचा धूर कमी व्हावा, एवढाच हेतू. लेखात मोटर, बॅटरी आणि अंतराची गणिते आहेत. दहावीच्या मुलाला समजतील अशी.

त्या काळी अशा वाहनाला मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र जागा नव्हती. कायद्यात जे वाहनच नाही, त्याचा परवाना कुठला, कर्ज कुठले आणि संरक्षक शुल्क तरी कुठले? दशकभराने दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षा दिसू लागल्या त्या चीनमधून पेट्यांत भरून आलेल्या सुट्या भागांतून, शेडमध्ये नटबोल्ट आवळून उभ्या केलेल्या. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी आणली. मग घाईघाईने नियम आले आणि २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षाला नाव मिळाले: चार प्रवासी, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा. देशी घटकांची अट, टप्प्याटप्प्याने वाढवायचे शुल्क, अनुदानासाठी स्थानिकीकरण हे सारे त्यानंतरचे. फेम योजना एप्रिल २०१५ ची, तिचा १०,००० कोटींचा दुसरा टप्पा २०१९ चा. फलटणचा लेख तोवर तेरा ते सतरा वर्षांचा झाला होता.

फलटणच्या कार्यशाळेतून थेट उद्योग उभा राहिला असता असे म्हणणे फार होईल. एका ग्रामीण संस्थेच्या नमुन्यापासून कारखान्यापर्यंतची वाट लांब असते. पण शुल्काचा दर एका अधिसूचनेने रातोरात बदलतो आणि कारागिरांचा हात घडायला दहा-वीस वर्षे लागतात. ही दोन घड्याळे जुळवणे, हे व्यापारधोरणाचे खरे काम. ते तेव्हा झाले नाही.

आणि घड्याळे न जुळण्याची झळ त्याच वर्षी मास्तरांच्या घरातही पोचली होती. त्यांचा भाचा चाकणजवळ एका लहान कारखान्यात काम करतो. विजेच्या दुचाकींच्या मोटरसाठी भाग बनवणारा कारखाना. यंदा तो गणपतीला रायपूरला चांगला आठ दिवस राहिला. एरवी दोन दिवसही मिळत नसत.

"मामा, सुट्टी मागावी लागली नाही," तो म्हणाला होता. "साहेबांनीच सांगितले, जाऊन या. एका पाळीचे काम बंद आहे."

कारण होते लोहचुंबक. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासूनच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. ते अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्काला दिलेले उत्तर होते; पण फटका चाकणला बसला. अंतिम वापर कशासाठी याची प्रमाणपत्रे, दूतावासाचे शिक्के, मग बीजिंगची मंजुरी, अशी रांग लागली. बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलैअखेर जाहीरपणे सांगितले की ऑगस्टमध्ये विद्युत वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. ऑगस्टच्या उत्तरार्धात काही पुरवठा सुरू झाला आणि शून्य टळले.

मोटरमधले हे चुंबक निओडिमियम, लोह आणि बोरॉनचे असते. मोटर तापली की साध्या निओडिमियम चुंबकाची शक्ती ओसरू लागते. त्यात थोडेसे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळले की ते उष्णतेतही तग धरते. वजनाने किरकोळ, किमतीतही किरकोळ, आणि नसले तर दुचाकी जागची हलत नाही. हे चुंबक चीनने शोधलेले नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक अशा दोघांनी ते स्वतंत्रपणे घडवले. जनरल मोटर्सने या कामासाठी काढलेली मॅग्नेक्वेंच कंपनी १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली आणि काही वर्षांत यंत्रे इंडियानातून चीनला गेली. त्या वेळी तो एक किफायतशीर व्यवहार वाटला होता.

भारताची इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० ची. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट आहे, त्यात निओडिमियम आहे. जड दुर्मीळ मृदा मात्र त्यात अल्प. वेगळे करण्याची विद्या थोडीफार आहे. त्यापासून धातू आणि धातूपासून चुंबक ही साखळी व्यापारी प्रमाणावर जुळलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्याच्या क्षमतेसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योग्यच झाले. भाच्याची पाळी मात्र त्याआधीच, आयात चुंबकांच्या भरवशावर, पुन्हा सुरू झाली होती.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम टिपावी अशी आहे. शुल्काविषयीची सगळी चर्चा आयातीबद्दल असते: आपण किती अडवायचे. या प्रसंगात अडवणारा विकणारा होता. आयातशुल्काने वस्तू महाग होते. निर्यातबंदीने ती कोणत्याही भावात मिळत नाही. पहिल्याला दर असतो म्हणून हिशेब करता येतो. दुसऱ्याला दर नसतो. जुलै २०२५ मध्ये चीनने बॅटरीच्या धनाग्राचे पदार्थ बनवण्याच्या काही तंत्रांनाही परवान्याखाली आणले, म्हणजे आता पदार्थाबरोबर पदार्थ बनवण्याची रीतही सीमेवर थांबली. घटनिर्मितीसाठी भारताने २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आखली होती, लक्ष्य ५० गिगावॅट-तासांचे. ठरल्या मुदतीत त्यातला फारच थोडा भाग उभा राहिला. यंत्रे चीनची, ती लावून देणारे तंत्रज्ञ चीनचे, आणि त्यांच्या व्हिसाचा प्रश्न वेगळाच. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने भारताच्या याच प्रोत्साहन योजनांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली.

बूढापाऱ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर कोरबा जिल्ह्यात कटघोरा आहे. तिथल्या खडकांत लिथियम आणि दुर्मीळ मृदा असल्याचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दाखवले आणि जून २०२४ मध्ये सुमारे २५० हेक्टरांचा तो पट्टा लिलावात गेला; लिलाव झालेला देशातला पहिला लिथियम पट्टा. मैकी साउथ मायनिंग या कंपनीने ७६.०५ टक्के अधिमूल्य बोलून तो घेतला. या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा: खाणीतून जे खनिज बाहेर पडेल, त्याच्या मूल्याच्या तीन चतुर्थांशांहून अधिक हिस्सा राज्याला द्यायची ती बोली आहे. आयात लिथियमवर सीमाशुल्क शून्य, आणि कटघोऱ्याच्या लिथियमवर खाणीच्या तोंडाशीच एवढे ओझे. राज्याच्या तिजोरीने आनंद मानावा. बॅटरी बनवणाऱ्याने तो का मानावा, हे सांगणे अवघड आहे. त्यातच २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेलेला लिथियम कार्बोनेटचा भाव २०२५ च्या मध्यापर्यंत साठ हजारांच्या आसपास उतरला. खाण उघडण्याआधीच तिचे गणित दहा पटींनी हलले. पुढचे पूर्वेक्षण व्हायचे आहे, वर जंगल आणि गावे आहेत, कटघोरा वनमंडळात हत्तींचा वावर आहे. आणि खनिज निघालेच, तर आजच्या घडीला त्याचे शुद्धीकरण बहुधा परदेशातच होईल आणि ते घटाच्या रूपाने परत रायपूरला येईल.

"आपल्याच जिल्ह्यांतलं, आणि चीनला जाऊन येईन?" मास्तरांनी हे सांगितले तेव्हा विद्यार्थ्याला हसू आले. "माझ्या गाडीपेक्षा तेच जास्त फिरून राहिलं."

मास्तरांनी कॅलेंडरचा कागद पुढे केला. थांबलास तर अठ्ठावीसशे वाचतील. बारा दिवस घरी बसलास तर दिवसाला पाचशे धरले तरी सहा हजार जातील आणि हप्ता चुकेल. "थांबू नकोस," ते म्हणाले. "वाटल्यास पैसे मी देतो. नवरात्र झाल्यावर दे."

"नाही सर, घरच्यांचं गहाण ठेवलं कालच," तो म्हणाला. "मी घ्यायचंच ठरवलं होतं. फक्त तुम्हाले विचारून घ्यावं वाटलं."

हिशेब त्याने कालच, रिक्षा ढकलत येताना, मनात केला होता.

पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये म्हणून दुकानात गर्दी नव्हती. निम्मे गिऱ्हाईक २२ तारखेची वाट पाहत होते. दुकानदाराने जुन्या चारही बॅटऱ्या काट्यावर ठेवल्या, शिशाचा भाव लावला आणि तेवढी रक्कम बिलातून वळती केली. बिलावर २८ टक्के कर वेगळ्या ओळीत छापलेला होता. भिंतीवर लिथियमच्या संचाचे चित्र होते, खाली 'आसान किस्त' असे लिहिलेले. विद्यार्थ्याने किस्त किती, ते विचारले, व्याज ऐकले आणि पाना हातात घेऊन स्वतःच नव्या बॅटऱ्यांचे नट आवळायला बसला. मास्तर शेजारी उभे राहून धन-ऋण टोके पाहत होते. संध्याकाळी गोंदियाकडची गाडी यायच्या आत स्टेशनावर पोचायचे होते.